पुस्तकातलं फूल ट्रेवर का फिसकटतं?

लोकचित्रं आणि सजावटी रंगकाम शिकवणाऱ्या पुस्तकांबद्दल आलेल्या पत्रांपैकी आठ पत्रं या वेळी घेतली आहेत. बहुतेकांची तक्रार एकच: 'पुस्तकात लिहिलंय तसंच केलं, तरी तसं झालं नाही.' बऱ्याचदा दोष हाताचा नसतो. लिहिणाऱ्याच्या गावची हवा वेगळी, तिथल्या दुकानातली बाटली वेगळी, आणि हे त्याला वेगळं सांगावंसं वाटलेलं नसतं.

प्रश्न : जुन्या पुस्तकांच्या दुकानात सजावटी रंगकामाची इंग्रजी पुस्तकं स्वस्तात मिळतात. मुखपृष्ठं सगळीच सुंदर. उभ्या उभ्या चांगलं पुस्तक कसं ओळखायचं? (पुणे)

मुखपृष्ठ बाजूला ठेवा आणि दोन गोष्टी शोधा. पहिली, फटकाऱ्यांचा तक्ता. स्वल्पविरामासारखा फटकारा, एस आणि सी वळणाचा फटकारा, थेंब, बारीक वेल हे सगळं ब्रशच्या खऱ्या मापात छापलेलं एक तरी पान हवं. दुसरी, एकाच फुलाचे चढत्या क्रमाने चार-पाच फोटो. नुसतं 'पानांना छटा द्या, कडा उजळवा' एवढंच लिहून पुढे तयार ट्रेचा फोटो असेल, तर ते पुस्तक ज्यांना आधीच येतं त्यांच्यासाठी आहे. आणि हो, जुन्या पुस्तकाच्या शेवटी घडी घातलेले आराखडे असतात. ते आधीच्या मालकाने फाडून नेलेत का, हे पैसे देण्याआधी बघा.

घरी आणल्यावर तक्त्याच्या पानावर पारदर्शक ओएचपी शीट ठेवा आणि छापलेल्या फटकाऱ्यावरच ब्रश चालवा. ओल्या फडक्याने पुसा, पुन्हा काढा. स्वल्पविराम काढायला ४ नंबरचा गोल ब्रश पुरतो. रंग फेटलेल्या दह्याइतका सैल हवा. ब्रश टेकवा, दाबा, केस पसरू द्या, मग ओढता ओढता हात उचला. शेपटी फाटत असेल तर रंग कोरडा आहे. शेपटी बोथट राहत असेल तर ब्रश उचलायच्या आधीच थांबताय. डोक्याकडे कडा तुटक येत असेल तर ब्रशमध्ये रंग कमी आहे, कारण नुसतं टोक बुडवून चालत नाही, केसांचा दोन तृतीयांश भाग भरावा लागतो.

प्रश्न : पुस्तकात २२ रंगांची यादी आहे, त्यातली निम्मी नावं इथल्या दुकानात कुणी ऐकलेलीही नाहीत. ऑनलाइन मागवू का? (नागपूर)

मागवू नका. हस्तकलेच्या बाटलीबंद रंगांची 'जुन्या कोठारासारखा लाल' छापाची नावं कंपनीने स्वतः ठेवलेली असतात आणि आत बहुधा दोन-तीन रंगद्रव्यांचं मिश्रण असतं. शिवाय अमेरिकन पुस्तकातली बाटली २ औंसाची, म्हणजे सुमारे ५९ मिली. आपल्याकडच्या १५ मिलीच्या जवळपास चार बाटल्या. एका ट्रेला पायाचा रंग सोडला तर कुठलाच रंग चमचाभरापेक्षा जास्त लागत नाही.

टायटॅनियम पांढरा, यलो ऑकर, लेमन यलो, एक उबदार लाल, एक किरमिजीकडे झुकणारा लाल, अल्ट्रामरिन, बर्न्ट सिएना, रॉ अंबर आणि काळा, एवढ्या नऊ रंगांत ती यादी बहुतेक बसते. पुस्तकातला मळकट पांढरा हवा असेल तर दहा थेंब पांढऱ्यात एक थेंब यलो ऑकर आणि रॉ अंबरचं नुसतं बोट. जुन्या पद्धतीचा निळा हवा असेल तर अल्ट्रामरिनमध्ये पांढरा, आणि भडकपणा मारायला बर्न्ट सिएनाचा अंश. काळा घालून निळा मारू नका, तो मेलेला दिसतो.

चांगल्या ट्यूबवर रंगद्रव्याचा संकेतांक असतो. अल्ट्रामरिन म्हणजे पीबी २९, टायटॅनियम पांढरा म्हणजे पीडब्ल्यू ६. पण यात एक फसगत आहे. बर्न्ट सिएना आणि रॉ अंबर या दोन्हींवर पीबीआर ७ असंच लिहिलेलं सापडेल, कारण दोन्ही लोहयुक्त माती, एक भाजलेली आणि एक कच्ची. म्हणजे रंगद्रव्याची जात संकेतांकावरून कळते, छटा मात्र डोळ्यानेच ठरवायची. आणि ती ओल्या रंगावरून ठरवायची नाही. अॅक्रिलिकचं माध्यम, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारा द्रव, ओलं असताना दुधी असतं, वाळल्यावर ते पारदर्शक होतं आणि रंग गडद होतो. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर पट्टा मारा, वाळवा, मग बघा.

पुस्तकातली छपाई रंगाशी इमानदार असेलच असं नाही. म्हणून रंग हुबेहूब जुळवण्यापेक्षा उजळ-गडदपणाचा क्रम जुळवा. पुस्तकाचं पान आणि तुमचे पट्टे शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. पानात पायाचा रंग, छटा आणि उजेड हे तीन राखाडी जितके वेगळे दिसतात, तितकेच तुमच्या पट्ट्यांत दिसले पाहिजेत. ते जमलं तर लाल थोडा इकडेतिकडे झाला तरी गुलाब गुलाबच दिसतो.

प्रश्न : पुस्तकात 'फ्लोटिंग' असा शब्द सारखा येतो. ब्रशच्या एका कोपऱ्यात रंग आणि दुसऱ्या कोपऱ्यात पाणी घेऊन छटा द्यायची म्हणे. माझी छटा विरघळत नाही, दोन्ही बाजूंना कडक रेघ उमटते. (कोल्हापूर)

या एका तंत्रावर अर्धी पुस्तकं उभी आहेत आणि बहुतेक पुस्तकं ते चार ओळींत उरकतात.

पहिली चूक ब्रशच्या मापाची. पाकळी लहान म्हणून लोक ब्रशही लहान घेतात. छटा विरघळायला जागा ब्रशच्या रुंदीतच असते. पाऊण इंची, म्हणजे १९ मिमी रुंद चपटा ब्रश घ्या. पाकळी अगदी बारीक असेल तरच १२ मिमी. नंबरावर जाऊ नका, चपट्या ब्रशचे नंबर कंपनीगणिक बदलतात. पट्टी लावून केस मोजा.

ब्रश स्वच्छ पाण्यात बुडवा आणि घडी घातलेल्या सुती फडक्यावर टेकवा. केसांवरची ओली चकाकी गेली की लगेच उचला. दाबून पुसलात तर ब्रश कोरडा होईल. मग फक्त एक कोपरा रंगात बुडवा, रुंदीच्या एक चतुर्थांशाहून जास्त नको. आता जो भाग बहुतेक जण गाळतात तो. चिनी मातीच्या पांढऱ्या बशीवर दोन-तीन सेंटिमीटरच्या एकाच पट्ट्यात ब्रश सहा-सात वेळा मागेपुढे चालवा, मग पलटून तसंच, रंगाची बाजू रंगावरच ठेवून. बशीवर उमटलेला पट्टा बघा: एका कडेला पूर्ण रंग, मध्ये फिकट, आणि दुसऱ्या कडेला नुसतं पाणी. असा पट्टा बशीवर आला नाही तर तो ट्रेवरही येणार नाही.

रंगाच्या कडेची रेघ आराखड्याच्या ओळीवर बसवायची असते, ती कडक असलीच पाहिजे. पाण्याच्या कडेला रेघ उमटत असेल तर दोनच शक्यता. एक, पाणी जास्त झालं आणि त्याने रंग वाहून कडेला नेला. दोन, रंग ब्रशभर पसरला. तसं झालं की ब्रश धुऊन पुन्हा भरा, तसाच पुढे रेटू नका.

खाली खडूसारखा सुका रंग असेल तर तो ब्रशमधलं पाणी लगेच शोषतो आणि छटा अडकते. तिथे आधी साध्या पाण्याचा पातळ हात फिरवा. दुसरी छटा पहिली पूर्ण वाळल्यावरच द्या, अर्धवट ओल्यावर दिलीत तर पहिली सोलून निघते आणि मधोमध टक्कल पडतं. वाळणं लांबवणारं माध्यम मिळतं, ते रंगाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. जास्त झालं तर काम चिकट राहतं.

प्रश्न : आराखडा मोठा करून कार्बन पेपरने उतरवला. निळ्या रेघा रंगातून वर दिसतात. (ठाणे)

टायपिंगचा कार्बन मेणकट असतो. त्यावर पाण्यात मिसळणारा रंग धरत नाही, आणि निळी शाई वर चढत राहते. ग्राफाइट पेपर घ्या, किंवा ट्रेसिंग पेपरच्या मागे ६बी पेन्सिल घासून कापसाने जादा भुकटी झटका. पाया गडद असेल तर मागे पांढरा खडू. संपलेल्या बॉलपेनने हलक्या हाताने गिरवा. एमडीएफवर (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीवर) जोर दिलात तर खाच पडते आणि ती वॉर्निशखाली उठून दिसते. आधी फक्त मोठे आकार उतरवा. शिरा, पाकळ्यांच्या घड्या पायाचा रंग वाळल्यावर, तोच कागद पुन्हा जागेवर बसवून. त्यासाठी कागदाची वरची कड मास्किंग टेपने बिजागरीसारखी चिकटवून ठेवा.

मापाचा हिशेब सोपा आहे: हवी असलेली रुंदी भागिले छापलेली रुंदी, गुणिले १००. १८ सेंटिमीटरचा आराखडा २७चा करायचा तर झेरॉक्सवाल्याला १५० टक्के सांगा. एफोरचं एथ्री म्हणजे १४१ टक्के. १५० टक्क्यांत क्षेत्रफळ सव्वादोनपट होतं, तेव्हा पायाचा रंगही त्या मानाने कालवून ठेवा. तोच रंग पुन्हा कालवून कधी जुळत नाही.

प्रश्न : 'वीस मिनिटांत वाळतो' असं पुस्तकात आहे. जुलैत रंगवलेल्या एमडीएफ ट्रेचा दुसरा हात देताना पहिला निघून आला. वॉर्निश दुधी पडलं. मग ट्रे एकावर एक ठेवले, ते चिकटले. (चिपळूण)

वीस मिनिटं कोरड्या घरातली आहेत. अॅक्रिलिकमधलं पाणी आधी उडावं लागतं, मग आतले कण एकमेकांत मिसळून पापुद्रा धरतात. कोकणातल्या पावसाळ्यात हवाच पाण्याने भरलेली, तिथे पाणी जाणार कुठे? घड्याळ बाजूला ठेवा आणि बोटांची मागची बाजू रंगाला लावा. गार लागलं तर आत अजून पाणी आहे, दुसरा हात देऊ नका. पंखा हळू चालू ठेवा. हेअर ड्रायर वापरायचा तर फूटभर लांबून, कमी उष्णतेवर. गरम झोत जवळून दिला की वर साय धरते आणि खाली ओलं राहतं.

पण दुसरं कारण बहुधा रंगाच्याही खाली आहे. एमडीएफ बुजवायला पांढरा गोंद पाणी घालून लावायची सवय सगळीकडे आहे. साधा पांढरा गोंद वाळला तरी ओल लागताच पुन्हा मऊ होतो, म्हणून वरचा रंग त्याच्यासकट उठतो. त्याऐवजी पाण्यात मिसळणाऱ्या प्रायमरचे दोन पातळ हात द्या. कापलेल्या कडा पाणी पितात, तिथे तिसरा. क्रम असा: १२० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०, ओल्या फडक्याने धूळ पुसणं, प्रायमर, पुन्हा २२० हलक्या हाताने, मग रंग.

वॉर्निश दुधी पडतं ते जाड हातामुळे आणि आत अडकलेल्या ओलीमुळे. कोरड्या खोलीत चार-पाच दिवस ठेवून पाहा, पुष्कळदा आपोआप निवळतं. नाही निवळलं तर ४०० नंबरने घासून नवा, पातळ हात. पावसाळ्यात दोन हातांमध्ये किमान सहा तास जाऊ द्या. ब्रश जोरजोरात फिरवलात तर बुडबुडे येतात, एकदा ओढा आणि सोडून द्या.

ट्रे चिकटले कारण हाताला कोरडं लागणं आणि आतून कडक होणं यात तीन-चार आठवड्यांचं अंतर असतं. तोवर उभे, सुटे ठेवा. मध्ये वर्तमानपत्र घालू नका, नाहीतर कालची बातमी ट्रेवर वाचावी लागेल. चहाचा गरम कप थेट ठेवायचा असेल तर अॅक्रिलिक वॉर्निश उपयोगाचं नाही, ते उष्णतेने मऊ होतं आणि गोल डाग पडतो. पॉलियुरेथेन द्या. तेलातलं पॉलियुरेथेन मात्र काही दिवसांनी पिवळं पडतं, पांढऱ्या पायावर ते लगेच कळतं.

प्रश्न : वारली शिकवणाऱ्या पुस्तकावरून हातकागदावर चित्र काढलं. गेरू हाताला लागतो, तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग सुटून पडतोय, आणि माणसं चौकीदारासारखी ताठ उभी दिसतात. (नाशिक)

साहित्याचं आधी. गेरू ही नुसती माती आहे, तिला स्वतःची पकड नाही. भिंतीवर ती शेणामातीच्या लिंपणात मुरते, कागदावर नुसती बसते. चार चमचे गेरू, दोन चमचे अॅक्रिलिक माध्यम आणि दोन-तीन चमचे पाणी असं कालवून मलमलीतून गाळा. एका जाड हाताऐवजी दोन पातळ हात द्या. वाळल्यावर पांढरा कापूस घासून बघा. कापूस लाल झाला तर माध्यम कमी पडलंय.

तांदळाचं पीठ, पाणी आणि डिंक हे भिंतीवरचं साहित्य. तिथे चित्र एका लग्नापुरतं असतं, पुढच्या वेळी भिंत पुन्हा सारवली जाते. चौकटीत लावायच्या कागदावर ते सांगणारं पुस्तक तुम्हाला झुरळं आणि बुरशी आंदण देतंय. पांढरं अॅक्रिलिक वापरा. पोस्टर रंग वापरला तर वर पाण्याचं वॉर्निश देऊ नका, पांढरा फिसकटतो. काडी मात्र जुनीच चांगली: बांबूची, टोक ठेचून कुंचल्यासारखं केलेली. तिची रेघ किंचित थरथरते आणि ते शोभून दिसतं.

आता ताठपणा. 'पट्टीने दोन त्रिकोण काढा, टोकं जोडा' ही पुस्तकातली पायरीच त्याला जबाबदार आहे. दोन्ही त्रिकोण एकाच उभ्या रेषेत आले की माणूस खिळल्यासारखा दिसतो. वरचा त्रिकोण खालच्यावर तिरपा बसवा. कमरेचा बिंदू हा सांधा आहे, तिथून धड वाकतं. डोकं खांद्यांच्या मधोमध नसून जिकडे हालचाल तिकडे सरकतं. पाच सेंटिमीटर उंच माणसाचे हातपाय एक मिलिमीटरहून जाड झाले तर तो काटकुळा न दिसता लाकडी दिसतो. तारपा (वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य) नाचाची रांग काढताना आधी वळणावर कमरेचे ठिपके सारख्या अंतरावर मांडा, मग त्रिकोण, शेवटी एकमेकांत गुंतलेले हात. एकेक माणूस पुरा करत गेलात तर शेवटचे दोघं मावणार नाहीत.

पुस्तकांबद्दल एक तक्रार आमचीही आहे. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा या भागात लग्नाच्या वेळी सुवासिनी भिंतीवर चौक लिहितात. तो चौक पूजेचा, त्यात पालघट देवी असते. तो 'चौकोनी किनार, नमुना क्र. ७' म्हणून छापलेला आढळतो. उशीच्या अभ्र्यावर काढायला तारपा, शेतं, मासेमारी, झाडं भरपूर आहेत, चौक त्या यादीत नको. भिंतीवरून कागदावर आलेली वारली १९७० नंतरची. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८, पद्मश्री २०११) यांनी लग्नाचं निमित्त नसतानाही रोज चित्रं काढली. त्यांचं मासेमारीच्या जाळ्याचं चित्र कुठे छापलेलं मिळालं तर भिंग घेऊन बसा. सारं जाळं बारीक बारीक रेघांनी भरलंय, आणि दाटी-विरळीने ते हलतं. कुठल्याही नमुन्यांच्या पुस्तकातून हे उतरवून घेता येत नाही.

प्रश्न : इथे रोजमालिंगचा, म्हणजे नॉर्वेतल्या फुला-वेलींच्या सजावटी रंगकामाचा, वर्ग लावलाय. एक पुस्तक म्हणतं, वेल मुळापासून सुरू करा. दुसरं म्हणतं, मधल्या फुलापासून. कुणाचं खरं? (मिनियापोलिस)

दोघांचंही, कारण दोन्ही पुस्तकं वेगळ्या मुलुखांची आहेत. टेलेमार्क शैली असममित: एका मुळापासून सी आणि एस वळणाच्या वेली निघतात, रंग पातळ आणि पारदर्शक. रोगालांड शैलीत मध्ये फूल आणि दोन्हीकडे सारखी मांडणी. हालिंगदालही सममित, पण रंग दाट आणि ठसठशीत. पुस्तकाच्या पहिल्या पानांवर शैलीचं नाव शोधा आणि एका ताटावर एकच शैली ठेवा. टेलेमार्कमध्ये पेन्सिलीने फक्त मुख्य सी वळण काढा. फांद्या ब्रशनेच, नाहीतर वेल गिरवलेली दिसते. आराखडा तेलरंगासाठी असेल आणि तुम्ही अॅक्रिलिक वापरत असाल तर मिसळायला मिनिटंच मिळतात, म्हणून एका वेळी एकच वेल रंगवून पुरी करा.

तुम्ही राहता तिथून गाडीने काही तासांवर, आयोवातल्या डेकोरा गावी, वेस्टरहाइम हे नॉर्वेजियन-अमेरिकन संग्रहालय आहे. तिथे जुनी रंगवलेली पेटारे-ताटं बघता येतात आणि लोककलेचे वर्गही चालतात. अमेरिकेत ही कला पुन्हा रुजवण्याचं श्रेय ज्या पेर ल्यूस्ने यांना देतात, ते विस्कॉन्सिनमधल्या स्टाउटन गावात घोडागाड्यांच्या कारखान्यात रंगारी होते. गाडीवर सरळ, न थांबता रेघ ओढायची सवय वेलीला कशी कामी आली असेल, ते ब्रश हातात घेतल्यावर कळतं.

प्रश्न : पुस्तकावरून रंगवलेले चौरंग दिवाळीच्या प्रदर्शनात विकले तर चालेल का? आणि नव्या ब्रशचे केस महिन्यात फाकले, त्याचं काय? (सावंतवाडी)

पुस्तकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावरची बारीक अक्षरं वाचा. काही लेखक हाताने रंगवलेल्या मोजक्या वस्तू विकायला परवानगी देतात, काही देत नाहीत. काहीच लिहिलं नसेल तर परवानगी आहे असं धरू नका. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क टिकतो. आराखड्याच्या झेरॉक्स काढून वर्गात वाटणं हा वेगळा प्रकार, तोही विचारूनच. वारलीला भौगोलिक मानांकन आहे, तेव्हा त्या नावाने माल विकण्याआधी नियम पाहून घ्या.

केस फाकतात कारण रंग केस धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या टोपीत शिरून वाळतो. केस दोन तृतीयांशाहून जास्त बुडवू नका, पाण्याच्या भांड्यात डोक्यावर उभा ठेवू नका, दर पंधरा-वीस मिनिटांनी धुवा. रात्री साबण लावून तळहातावर फेस पांढरा येईपर्यंत फिरवा, बोटांनी टोक आणा आणि आडवा वाळवा. वाळलेला रंग सर्जिकल स्पिरिटमध्ये दहा मिनिटं भिजवून सुटतो, पण टोपीतला सुटत नाही. तसा ब्रश फेकू मात्र नका. झाडाचा पर्णसंभार ठिपक्या-ठिपक्यांनी भरायला फाकलेलेच केस लागतात, आणि पुस्तकवाले त्यासाठी वेगळा महागडा ब्रश सांगतात.